जिनिंगची धूळ आणि फुफ्फुसाचा शोध

जळगाव, जामनेर, बोदवड, धरणगाव, शहादा या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे जिनिंग सुरू होतात. सरकीपासून रुई सुटताना जी धूळ उडते, ती मग उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिथल्या बायामाणसांच्या श्वासात असते. हे काम इथे नवं नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, भाव कडाडले. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि खान्देशचा कापूस मुंबई बंदराकडे भराभर जाऊ लागला. पुढे जळगाव आणि अमळनेरला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कापसाची जात बदलली, यंत्रं बदलली. ती धूळ छातीत कुठवर पोचते आणि काय करते, हे कळायला मात्र आधी फुफ्फुस कळावं लागलं, आणि त्याला शतकं गेली.

चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत, म्हणजे धाप आणि दमा वैद्यांनी बारकाईने पाहिला होता. युरोपात प्राचीन ग्रीक वैद्य गेलनचा शब्द हजारावर वर्षं प्रमाण मानला गेला. हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रं आहेत आणि रक्त त्यातून पलीकडे झिरपतं, असं तो मानायचा. 13व्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने ते खोडून काढलं. पडदा जाड आहे, रक्त फुफ्फुसातून फिरूनच डावीकडे येतं, असं त्याने लिहिलं. 1628 मध्ये विल्यम हार्वे या इंग्लिश वैद्याने रक्ताभिसरण सिद्ध केलं, पण धमनीतलं रक्त शिरेत कुठून जातं ते त्याला दिसलं नाही. हार्वे 1657 मध्ये गेला. अवघ्या चार वर्षांनी इटलीत मार्चेलो माल्पिघीने बेडकाचं फुफ्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला हवेच्या पिशव्या व त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या, म्हणजे धमनी आणि शीर जोडणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या, दिसल्या.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1667 मधला इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचा प्रयोग. तो क्रूर होता; आधीच्या अशाच एका प्रयोगाने स्वतः हूकलाही अस्वस्थ केलं होतं. फुफ्फुसाच्या हालण्यानेच जीव टिकतो, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. हूकने छाती उघडलेल्या कुत्र्याच्या फुफ्फुसांना बारीक भोकं पाडली आणि भात्याने एकसारखी ताजी हवा सोडत राहिला. फुफ्फुसं फुगलेली, जागच्या जागी स्थिर. तरी कुत्रा जिवंत राहिला. हवा थांबवली की तडफडू लागे. तेव्हा हालचाल हे फक्त साधन. हवं असतं ते ताज्या हवेतलं काहीतरी. ते प्राणवायू आहे, हे प्रीस्टली आणि लव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञांच्या कामातून पुढच्या शतकात ठरलं.

आज आपल्याला माहीत आहे की श्वासनलिका साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते आणि फाटे फुटत फुटत सुमारे 23 पिढ्यांनी वायुकोशांपर्यंत, म्हणजे माल्पिघीला दिसलेल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोचते. वायुकोश कित्येक कोटी आहेत. वाटेत नाकातले केस आणि ओलसर अस्तर मोठे कण अडवतात. त्याखाली चिकट श्लेष्मा आणि तो सतत वर ढकलणारे सूक्ष्म तंतू असतात. साधारण 10 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठी धूळ बहुतेक वरच अडते. बारीक धूळ खाली उतरते.

कामावरून सुटल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकायची पद्धत जुनी आहे. त्याने घसा ओला होतो, खवखव निवते. पण घशातून खाली दोन वाटा जातात आणि गिळताना श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. गूळ पोटात जातो. धूळ गेली त्या वाटेने तो जात नाही. म्हणून गुळाच्या भरवशावर तोंडाचा रुमाल सोडू नये. रुमालही पुरेसा नाही. अगदी बारीक धूळ त्याच्या विणीतून आत जाते.

कापसाच्या धुळीत नुसते तंतू नसतात. वाळक्या पानापाचोळ्याचा चुरा असतो आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. त्याने श्वासनलिका आवळतात. 1700 मध्ये रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने जवस आणि भांग यांच्या खोडाचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला नोंदवला होता, 1831 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टर के यांनी सूतगिरणी कामगारांचा. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण विलक्षण आहे: सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत हलकं वाटतं. इंग्लंडात सुट्टी रविवारी, म्हणून तिकडे हा सोमवारचा त्रास ठरला. आपल्याकडे जिथे बाजारच्या दिवशी सुट्टी, तिथे तो बाजारच्या दुसऱ्या दिवशी विचारायला हवा. डॉक्टरने नुसतं ‘सोमवारी दम लागतो का’ असं विचारलं, तर उत्तर ‘नाही’ असंच येईल.

त्रास वर्षानुवर्षं चालू राहिला तर तो कायमचा होतो. जिनिंगपेक्षा सूतगिरणीच्या पिंजण विभागात याचं प्रमाण जास्त आढळतं, पण जिनिंगही त्यातून सुटलेली नाही. कायद्याने भरपाई मिळणाऱ्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत बिसिनोसिस आहे. अडतं ते पुराव्यावर. हंगामी मजूर यंदा एका जिनिंगला, पुढच्या वर्षी दुसऱ्या. मग त्याचं फुफ्फुस आधी कसं होतं, कोण सांगणार? इंग्लिश डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये मांडलेल्या श्वासमापकाची, म्हणजे फुंकलेली हवा मोजणाऱ्या यंत्राची, आजची आवृत्ती एका टेबलावर मावते आणि जोराने फुंकायला काही मिनिटं पुरतात. हंगाम सुरू होण्याआधी एकदा, आणि मग सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामाच्या पाळीच्या आधी व नंतर, असे आकडे कामगाराच्या स्वतःच्या कार्डावर लिहून द्यायला हवेत. ते कार्ड त्याच्याजवळ राहील, म्हणजे जिनिंग बदललं तरी नोंद सोबत जाईल.