गळू गोळ्यांनी का बसत नाही?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची छाटणी सुरू झाली की हाताला कात्री लागते, मांडवाची तार ओरबाडते. जखम विसरली जाते आणि आठवडाभरात तिथेच ठणका लागतो. मग मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या जातात. ताप उतरतो, गळू तसंच राहतं.

गळू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे होतं. त्याला मारायला धावलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच मरतात, आसपासचं मांस विरघळतं, त्याचाच पू होतो. शरीर त्याभोवती भिंत बांधतं. तिच्यामुळे संसर्ग आवरला जातो, पण आत रक्तपुरवठा उरत नाही. गोळीतलं औषध रक्तातूनच येणार. पुवापर्यंत ते पुरेसं पोचतच नाही.

गळू टणक असताना सोसवेल इतक्या गरम पाण्याच्या फडक्याने दिवसातून 3-4 वेळा, 10-15 मिनिटं शेकावं. लहान गळू एवढ्यानेच फुटून वाहू शकतं. पिळू मात्र अजिबात नये, भिंत आतल्या बाजूला फुटते.

पिकलेल्या गळवाला चीर द्यावी लागते. पू आम्लधर्मी असल्याने भुलीचं औषध तिथे कमी चालतं, म्हणून सुई गळवाच्या भोवताली टोचतात. तरीही दुखलं तर डॉक्टरांना लगेच सांगा, दात-ओठ आवळून सोसू नका. चीर पुरेशी लांब हवी. नुसतं टोचून पू काढला की वरची कातडी आधी जुळते आणि आत पुन्हा पू साठतो. गळू उलटण्याचं हे नेहमीचं कारण. आतले कप्पे चिमट्याने मोडतात, पोकळी सलाइनने धुतात, टाके घालत नाहीत. पोकळी मोठी असेल तर गॉजची पट्टी सैल भरून टोक बाहेर ठेवतात आणि साधारण 24 ते 48 तासांत काढतात किंवा बदलतात. जखम तळातून भरत वर यायला हवी.

ताप, पसरणारी लाली किंवा मधुमेह असेल तर चिरेच्या जोडीला अँटिबायोटिकही लागतं. नाक आणि वरच्या ओठाजवळचं गळू घरी हाताळू नका. तिथल्या शिरांतून संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. गळवं वारंवार होत असतील तर साखर तपासून घ्या.

मानेत आठवडे राहिलेली, न ठणकणारी, गरम न लागणारी गाठ वेगळी. ती क्षयाची असू शकते. तिला चीर दिली तर जखम महिनोन्महिने वाहत राहते. तिथे सुईने पू काढून तपासतात, आणि क्षय ठरला तर किमान 6 महिन्यांच्या गोळ्याच ती बरी करतात.