'काय बे'ची पार्श्वभूमी: सोलापुरी थट्टा गिरणीच्या भोंग्यापासून मोबाइलपर्यंत

बाहेरच्या माणसानं सोलापुरी विनोद लिहायला घेतला की पहिली चूक ठरलेली असते. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बे' लावतो. सोलापुरात 'बे' असा मुठीनं उधळत नाहीत. तो बरोबरीच्याला, लहानाला किंवा जुन्या दोस्ताला, आणि तोही हाकेपाठोपाठ नाहीतर प्रश्नाच्या शेवटी: "काय बे, कुठं चाललालास?", "कशाला बे?" एका बोलण्यात एकदा पुरतो. लागोपाठ तीनदा आला तर थट्टा संपून भांडण सुरू झालंय असं समजावं. वडीलधाऱ्याला, गिऱ्हाइकाला, अनोळखी माणसाला 'मालक'. मात्र खेचायची वेळ आली की रोजच्या बैठकीतला दोस्तही एकदम 'मालक' होतो, आणि बाकीचे सावध होऊन ऐकायला लागतात.

दुसरी खूण क्रियापदाची. 'काय करतोयस'चं इथं 'काय करलालास' होतं, 'जेवतोय'चं 'जेवलालोय'. 'करायला लागलास' बोलून बोलून झिजलं आणि हे रूप उरलं. लातूर-धाराशिवकडेही ते ऐकू येतं. तिसरी खूण 'म्हणून'. प्रमाण मराठीत 'पाणी येणार असं म्हणतात'. सोलापुरात 'पाणी येतंय म्हणून म्हणलालेत'. कन्नडमध्ये दुसऱ्याचं बोलणं सांगताना शेवटी 'अंत' येतं, तेलुगूत 'अनि' येतं. त्या जागी मराठीत 'म्हणून' बसलं. विनोदाला याचा फार उपयोग. बातमी सांगायची, पण जबाबदारी घ्यायची नाही. त्या 'म्हणून'मध्येच अर्धा अविश्वास येऊन जातो.

ही मिसळण एका दिवसात झाली नाही. सोलापूर मुळातच मराठी आणि कन्नड मुलखाच्या शिवेवर. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, तेव्हा हिला लोक 'जुनी मिल' म्हणू लागले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, हातमाग आणि पुढे यंत्रमाग घेऊन पूर्व भागात वसले. मुसलमान वस्तीची दखनी उर्दू होतीच, व्यापारात मारवाडी आणि गुजराती. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं पाहा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. गावात कोण कोण एकत्र नांदत होतं, हे त्या चार नावांतच कळतं.

गिरणी पाळ्यांवर चालायची आणि भोंग्यावर गाव उठायचं-जेवायचं. पाळी सुटली की घरी जाण्याआधी हॉटेलात चहा, आणि तिथं थट्टा. खात्यात मागांचा इतका खडखडाट, की बोलायचं ते थोडक्यात आणि मोठ्यानं. सोलापुरी टोमणा तीन-चार शब्दांत संपतो आणि जरा ओरडल्यासारखा वाटतो, त्यामागे ही सवयही असावी. घरच्या ओसरीवर विडीकाम करणाऱ्या बायकांचं उलट. पत्ता, म्हणजे तेंदूचं पान, कापायचा, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. हात अडकलेले, तोंड मोकळं. तेलुगू-मराठी मिसळलेली लांब, रंगवून सांगायची गोष्ट या ओसऱ्यांवरची. मोबाइलवर मात्र टोमणा पोचला, गोष्ट मागे राहिली.

विषय फारसे बदललेले नाहीत: ऊन, पाणी, पुण्याला गेलेली पोरं. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की,
"ऊन लागलालंय का मालक?"
"नाही, आता उन्हालाच आम्ही लागलोय."

पाण्याचा विनोद मात्र बाहेरच्याला उलगडून सांगावा लागतो. शहराला उजनी धरणाचं पाणी, तेही वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३.६६ मृतसाठा, म्हणजे एरवी सोडता न येणारं तळचं पाणी, आणि उपयुक्त ५३.५७. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात. तो संपला की आकडा शून्याखाली जातो आणि धरणात पाणी दिसत असतानाही 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते. मग खाली गेलेलं पाणी दोनदा, तीनदा उपसून वर आणायचं: दुबार पंपिंग, तिबार पंपिंग. हे माहीत असेल तरच पुढचं हसू येतं:
"पाणी हाय का बे?"
"हाय की. उजनीत."

या थट्टेला मोबाइलवर यायला पहिला अडथळा लिपीचा झाला. एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० बसत, देवनागरी फक्त ७०, आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाई. 'करलालास' दिसायला पाच अक्षरं, मोजायला सात. 'म्हणलालेत' तर नऊ. म्हणून लोकांनी रोमन धरली. तिथं 'बे' इंग्रजी क्रियापदासारखा दिसायचा आणि वाक्य दोनदा वाचावं लागायचं. वर सणाच्या दिवशी पॅकमधले मोफत एसएमएस चालत नसत, म्हणजे नेमका सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीला, विनोद महाग. सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली.

खरा फरक पडला तो २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजाचे निरोप सुरू झाले तेव्हा. सोलापुरी बोलण्यात अर्थ सुरात असतो. 'ये की' हे आर्जव, धमकी आणि टिंगल तिन्ही असू शकतं. कागदावर तिन्ही सारखीच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओनं डेटा स्वस्त केल्यावर आवाजामागोमाग चित्रफितीही आल्या आणि पुण्यात नोकरीला असलेली पोरं तिथल्या खोलीतून गावच्या बोलीत चित्रफिती करू लागली. त्याच वर्षी 'सैराट'मुळे जिल्ह्याची बोली राज्यभर गेली. पण ती करमाळ्याकडची. शहरातल्या माणसाला तो फरक लगेच कळतो.

फॉरवर्ड सोपं झालं तशी नक्कलही. पुणेरी पाटीतला विनोद उचलून गावाचं नाव बदलतात. पकडणं सोपं: नाव सोलापूर, पण क्रियापद 'करतोय'च राहिलेलं. जुलै २०१८ पासून भारतात एकावेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतं. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला निरोप एकाच ठिकाणी. त्यानं विनोद थांबला नाही. लोक मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवतात आणि जाता जाता एखादा 'बे' वाढवतात. पहिल्या परिच्छेदातली चूक बरेचदा इथं जन्मते.

सगळ्यात जास्त दिवस टिकलेला विषय विमानाचा. होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. वाद कडवट होता, पण शब्दच असा की थट्टा टळणं शक्य नव्हतं: चिमणी उडाली, विमान कधी उडणार? उत्तराला जवळजवळ दोन वर्षं लागली. ९ जून २०२५ रोजी विमान उडालं, तेही गोव्याला. म्हणजे चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावातून चिमणीनंतरचं पहिलं विमान निघालं ते समुद्र बघायला.