तुर्की मेंदीची रात्र: वादामागचा इतिहास

तुर्कस्तानात लग्नाआधी होणाऱ्या ‘कना गेजेसी’ या मेंदीच्या रात्रीवरील आजच्या चर्चेत जुने ते अस्सल आणि नवे ते बाजारी अशी सरळ विभागणी केली जाते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. परंपरेची खूण मानला जाणारा, जरीच्या वेलबुट्टीने भरलेला मखमली ‘बिंदाल्ली’ हा एकोणिसाव्या शतकात खुद्द लग्नाचा पोशाख होता. शतकाच्या अखेरीस इस्तंबूलच्या उच्चभ्रू घराण्यांत युरोपीय पद्धतीचा पांढरा झगा रुळला, पुढे तो इतरत्र पसरला आणि बिंदाल्लीला मेंदीच्या रात्रीपुरती जागा उरली.

१९२६ च्या नागरी कायद्याने नोंदणी विवाह बंधनकारक केला. मेंदीचा विधी मात्र पूर्वीसारखाच वधूच्या घरी, बायकांच्या हाती राहिला. गावे सोडून लोक शहरांत आले, जर्मनीशी झालेल्या १९६१ च्या कामगारभरती करारानंतर अनेक जण तिकडे गेले, आणि फ्लॅटमध्ये न मावणारा हा सोहळा भाड्याच्या सभागृहात पोहोचला.

खरा मतभेद विधीच्या अर्थाविषयी आहे. मेंदी तिघांना लावतात, असे तुर्कस्तानात सर्रास सांगितले जाते: कुर्बानीच्या मेंढ्याला अल्लाहसाठी, लष्करात निघालेल्या मुलाला मायभूमीसाठी आणि वधूला नवऱ्यासाठी. स्त्रीवादी टीकाकारांना हे स्पष्टीकरण मुलीचा बळी साजरा करणारे वाटते, तर विधीचे समर्थक मेंदीला दृष्ट टाळणारी आणि बरकत आणणारी वस्तू मानतात. या वचनाची नेटकी त्रिसूत्री, विशेषतः तिच्यातली मायभूमी, सक्तीच्या लष्करभरतीच्या काळाचा ठसा वाटतो. संपूर्ण विधीचा अर्थ तिच्यावरून ठरवणे योग्य नाही. वधूची मिटलेली मूठ त्याहून बरेच काही सांगते. सासूने तळहातावर सोन्याचे नाणे ठेवेपर्यंत वधू मूठ उघडत नाही, आणि त्यानंतरच मेंदीचा गोळा ठेवून हात लाल कापडात बांधतात. काहींना यात मुलीची किंमत दिसते. परंतु त्या रात्री सगळ्यांना थांबवून ठेवण्याचा अधिकार फक्त वधूला असतो, आणि तो याच मुठीत असतो, ही बाब टीकाकारांकडून फार सहज निसटते.

रडण्याचेही तसेच आहे. डोक्यावरून लाल ओढणी घेतलेल्या वधूभोवती मेणबत्त्या घेतलेल्या बायका फेर धरतात आणि परक्या मुलखात दिलेल्या मुलीची, आईच्या आठवणीची गाणी गातात. मुलगी दूरच्या गावी जायची आणि माहेरची भेट दुर्मीळ व्हायची, तेव्हा या अश्रूंना कारण होते. आता अनेक जोडपी त्याच शहरात स्वतंत्र बिऱ्हाड करतात; म्हणून काही वधू ही गाणी थोडक्यात आटोपायला सांगतात आणि उरलेली रात्र नाचात घालवतात. याला भावनाशून्यता म्हणणे अन्यायाचे आहे.

२०११ पासून काही वर्षे गाजलेल्या ऑटोमन दरबारावरील दूरचित्रवाणी मालिकेने दरबारी थाटाच्या पोशाखांची हौस वाढवली. सिंहासन, तबके, नर्तक आणि भाड्याचे कफ्तान एकाच पॅकेजमध्ये देणारे व्यावसायिक आले, आणि पूर्वी बायकांपुरत्या असलेल्या या रात्री नवरदेव व त्याचे मित्रही दिसू लागले. तळहातावरच्या साध्या गोळ्याबरोबर आपल्याकडच्यासारखी नक्षीही काढली जाते. तिकडे तिला ‘भारतीय मेंदी’ असेच म्हणतात.

सप्टेंबर २०२० मध्ये साथीच्या काळात लग्नाला तासाभराची मुभा राहिली, पण मेंदीच्या समारंभांवर देशभर बंदी आली. नोंदणीला महत्त्व आणि मेंदीला नाही, ही १९२६ पासूनची सरकारी दृष्टी त्यात पुन्हा दिसली. डिसेंबर २०२४ मध्ये मेंदीच्या प्रथांना जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, मात्र तो प्रस्ताव १६ अरब देशांचा होता आणि त्यात तुर्कस्तान नव्हता. त्यामुळे गाणी किती म्हणायची, मूठ मिटायची की नाही आणि पुरुषांना बोलवायचे का, हे आजही वधू, तिची आई आणि सासर यांच्यातच ठरते.