पनवेल फ्लेक्शर

पनवेल फ्लेक्शर म्हणजे कल्याणच्या बाजूने पनवेलवरून खाली रायगडात जाणारा, किनाऱ्याला साधारण समांतर असा खडकांच्या थरांना आलेला एक मोठा बाक. याच्या पूर्वेला सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळपास आडवे आहेत, आणि पश्चिमेला म्हणजे ठाणे-मुंबईच्या बाजूला आलं की थर समुद्राकडे कललेले. अख्खी मुंबई या कललेल्या दगडावर बसलीय, फक्त वर डांबर, भराव आणि बिल्डिंगा एवढ्या आहेत की ते कोणाच्या लक्षात येत नाही. नाव रुळलं ते भूशास्त्रज्ञ जे. बी. ऑडन यांच्या १९४९ च्या लेखापासून, पण थर पश्चिमेला उतरतात हे एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनीच नोंदवून ठेवलं होतं.

बघायचं असेल तर कर्जत लोकल पकडा, खिडकीची जागा मिळाली तर. नेरळच्या आसपास माथेरानचा डोंगर दिसतो, वरून पोळपाटासारखा सपाट आणि अंगावर आडवे पट्टे, पावसाळ्यात तर धबधबे पायरी पायरीने उतरतात कारण प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. हेच पट्टे मुंब्र्याजवळ पारसिकच्या डोंगरात तिरके झालेले असतात. मध्ये अंतर फार नाही, पण तेवढ्यात खालचा दगड वाकलाय. अशा एकाच बाजूला उतरणाऱ्या बाकाला मोनोक्लाइन म्हणतात, मराठी पुस्तकात एकनत घडी. सतरंजी पायरीच्या कडेवरून खाली सोडली की जो आकार येतो तो.

आता थर किती कललाय हे सांगायला दोन मोजमापं लागतात, डिप आणि स्ट्राइक. डिपला मराठीत नती म्हणतात, स्ट्राइकला मी तरी प्रत्यक्षात कोणाच्या तोंडून स्ट्राइकच ऐकलंय. ओहोटीच्या वेळी बांद्र्याला बँडस्टँडवर जा, एखादी तिरकी कातळाची पाटी शोधा जिच्या खालच्या कडेला डबकं साचलंय. डबक्यातलं पाणी स्थिर असतं, म्हणजे आडवं, आणि ते पाणी दगडाला जिथे टेकतं ती ओली रेघ म्हणजे स्ट्राइक. त्या रेघेला काटकोनात, पाटीवरून सरळ खाली उतरणारी दिशा म्हणजे डिपची दिशा, बाटलीतलं पाणी ओतलं तर ओघळ तिकडेच जातो. आणि ती पाटी आडव्या पातळीशी किती अंशाचा कोन करते तो झाला डिप. मोजायला क्लायनोमीटर किंवा ब्रंटन कंपास वापरतात, हल्ली मोबाइलमधलं अ‍ॅपही चालतं. मुंबईत स्ट्राइक ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आणि डिप पश्चिमेला, बऱ्याच ठिकाणी १० ते २० अंशांच्या आसपास, बाकाच्या पट्ट्यात याहून जास्तही.

मी कॉलेजात असताना याच बँडस्टँडवर फार झकास रीडिंग घेतलं होतं. सर आले, बघितलं आणि म्हणाले, आधी तो हातोडा कंपासपासून लांब ठेव, आणि दुसरं म्हणजे तू मोजलेला थर नाहीच, तो जॉइंट आहे. दोन्ही चुका नवशिक्यांच्या ठरलेल्या. लोखंडाने सुई फिरते ते सोपं, जॉइंटचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं. लाव्हा थंड होताना आकसतो आणि दगडाला तडे जातात, हे तडे इतके सरळ असू शकतात की थरच वाटावेत. बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या या काळ्या दगडात, खरा थर ओळखायला खुणा शोधाव्या लागतात: दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा ज्याला रेड बोल म्हणतात, थराच्या माथ्यावरची बुडबुड्यांची भोकं, किंवा मध्ये सापडलेला राखेचा नाहीतर शेलचा, म्हणजे बारीक गाळ दाबून झालेल्या दगडाचा, थर.

शेल मुंबईत आहे, आणि भारीच आहे. दोन लाव्हांच्या मध्ये इथे गोड्या पाण्याची तळी होती, त्यांचा गाळ वरळीच्या टेकडीत सापडला आणि त्यात चक्क बेडकांचे सांगाडे. १८४७ मध्ये ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्या बेडकाचं वर्णन केलं, आज त्याला इंडोबॅट्रॅकस पुसिलस म्हणतात. तळ्याचा गाळ बसताना आडवाच बसतो, तोच जर आज तिरका दिसत असेल तर कलणं नंतर झालं हे उघड आहे.

नंतर म्हणजे कधी, इथे डाइक कामाला येतात. डाइक म्हणजे जुन्या खडकाच्या भेगेत घुसून गोठलेली लाव्हाची भिंत, कोकणात अशा भिंती ढिगाने आहेत. थर आडवे असताना घुसलेली उभी भिंत थरांसोबतच कलते, म्हणून थर पश्चिमेला झुकले की तिचा डिप पूर्वेकडे येतो. कलून झाल्यावर घुसलेली भिंत मात्र सरळ उभी राहते. घाटकोपर-पवईच्या टेकड्यांमध्ये डाइकचा अभ्यास झालाय तो याचसाठी. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे काळे खांबही जवळपास ताठ उभे आहेत, खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात तयार होतात, तेव्हा तो दगड बाकानंतरचा असावा असा तर्क त्यावरून लावता येतो. सह्याद्रीतला मुख्य लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, पण मुंबईतल्या ट्रॅकाइट या फिकट रंगाच्या ज्वालामुखी दगडाची वयं ६ कोटी ते ६ कोटी २० लाख वर्षं अशी आलीत, म्हणजे इथला ज्वालामुखी उशिरापर्यंत धुमसत होता. याच काळात आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटून गेला आणि अरबी समुद्र रुंदावत गेला.

बाक का आला यावर मात्र भांडण आहे. बसाल्ट कडक, तो काही चपातीसारखा वाकत नाही, त्यामुळे ही खरी घडीच नाही असं काहींचं म्हणणं. कवच पश्चिमेकडे ताणलं गेलं, असंख्य लहान फॉल्ट पडले, म्हणजे ज्यांच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात अशा भेगा, प्रत्येक तुकडा थोडा थोडा सरकला आणि लांबून बघताना ते सगळं मिळून बाकासारखं दिसतं. दुसरी मांडणी अशी की खोल जाताना पळीसारखा वक्र होत जाणारा एक मोठा फॉल्ट आहे आणि त्यावरून जमीन सरकताना थर त्या फॉल्टच्या दिशेने कलले. मला स्वतःला ताणण्याची बाजू पटते, कारण किनारा तुटतोय तिथे दाबाने घडी पडायचं कारण सापडत नाही.

शहराच्या आकारातही हा कल दिसतो. मलबार हिल ते वरळी ही पश्चिमेची रांग आणि शिवडी-अँटॉप हिलकडची पूर्वेची, दोन्ही स्ट्राइकच्या दिशेने उत्तर-दक्षिण गेल्यात, मधला सखल भाग भरावाने भरलाय आणि तिथेच दरवर्षी पाणी तुंबतं (त्याला दगडापेक्षा गटारं जास्त जबाबदार, ते वेगळं). भुयार खणणाऱ्यांनाही कल बघावा लागतो: स्ट्राइकला धरून गेलं तर एकच मऊ राखेचा थर लांबवर सोबत येऊ शकतो, आडवं गेलं तर कडक-मऊ-कडक असं पटापट बदलत जातं.

कोकणातली गरम पाण्याची कुंडं, वज्रेश्वरी-गणेशपुरीची, पालीजवळच्या उन्हेऱ्याची, महाडजवळच्या सवची, नकाशावर टाकली तर तीही किनाऱ्याला धरून रांगेत येतात. पावसाचं पाणी या तुटलेल्या पट्ट्यातल्या भेगांमधून खोल जातं, तापतं आणि परत वर येतं असं मानतात. गणेशपुरीला पाय सोडून बसलेल्यांपैकी बहुतेकांचा विषय सांधेदुखीच असतो.