विद्यार्थी-शिक्षकांचे अध्यापन प्रशिक्षण (अमेरिकन विद्यापीठे)

एमएस किंवा पीएच.डी. करता करता त्याच विद्यापीठात पदवीच्या मुलांना शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांची अध्यापनासाठी तयारी करून घेण्याची पद्धत. अशा विद्यार्थ्याला अमेरिकेत सर्रास ‘टीए’ (टीचिंग असिस्टंट) म्हणतात. बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि मिशिगन विद्यापीठ येथे ‘ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर’ (जीएसआय) हे पदनाम आहे.

मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक शेकडो मुलांपुढे व्याख्यान देतात. मग वीस-तीस मुलांचे गट, म्हणजे ‘सेक्शन’, जीएसआयकडे येतात. शंका सोडवणे, प्रयोगशाळा सांभाळणे, उत्तरपत्रिका तपासणे ही कामे त्याचीच. भाषा आणि लेखन शिकवणारे वर्ग तर अनेकदा तो एकट्यानेच चालवतो. मोबदल्यात पगार मिळतो आणि बहुधा फीमाफीही. अर्धवेळ नेमणुकीत आठवड्याला सरासरी २० तास धरलेले असतात. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्या कित्येकांचा पहिला पगार याच कामाचा असतो. त्यांना प्रवेश मिळतो तो संशोधनाच्या कुवतीवर. शिकवता येते का, हे तेव्हा फारसे कोणी विचारत नाही.

या उणिवेकडे संस्था हळूहळू वळल्या. मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये अध्ययन-अध्यापन संशोधन केंद्र काढले. अमेरिकेतील अशा केंद्रांत ते पहिले मानले जाते. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये शालेय शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सूक्ष्म अध्यापनाचे तंत्र तयार झाले. आपल्याकडे बी.एड. केलेल्यांना ते चांगलेच आठवत असेल: पाच-सात मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय आणि पुन्हा तोच पाठ. विद्यापीठांनीही ते उचलले. १९८० च्या दशकात परदेशी टीएंचे इंग्रजी कळत नाही, अशा तक्रारी वाढल्या आणि काही राज्यांनी शिकवणाऱ्यांची इंग्रजी चाचणी कायद्यानेच सक्तीची केली. प्रशिक्षणाला त्यातून जोर मिळाला हे खरे. पण शिकवण्याची तयारीच नसण्याचे मूळ दुखणे उच्चारांच्या नावावर खपवले गेले, हेही तितकेच खरे.

बर्कलीची व्यवस्था बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९८९ मध्ये तेथे जीएसआयसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. पहिल्यांदा शिकवणाऱ्याला सत्रापूर्वीच्या परिषदेला हजर राहावे लागते आणि व्यावसायिक नीतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अपंग विद्यार्थ्यांच्या सवलती, लैंगिक छळ, कॉपी असे विषय त्यात येतात. शिवाय आपल्या विभागातला अध्यापनशास्त्राचा वर्गही करावा लागतो. तिघांत वजनदार हा शेवटचा. परिषदेत ऐकलेले दोन आठवड्यांत विरते. विभागातल्या वर्गात मात्र सोमवारी फसलेल्या सेक्शनवर त्याच आठवड्यात बोलता येते. शिवाय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली अडचण आणि इतिहासाच्या चर्चेतली अडचण सारखी नसते.

शिकवले जाते ते बरेचसे साधे असते. प्रश्न विचारल्यावर थांबणे, हेच घ्या. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांतील विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून दाखवले, की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात. नवख्याला ते तीन सेकंद फार जड जातात. तपासणीतही युक्ती आहे: सगळ्या जीएसआयनी त्याच चार-पाच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासायच्या, गुण ताडून पाहायचे आणि मगच गठ्ठे वाटून घ्यायचे. एरवी कोणाच्या सेक्शनमध्ये आहोत यावर मुलांचे गुण ठरतात. सत्राच्या मध्यावर मुलांचा निनावी अभिप्राय घेतात. सत्र संपल्यावरच्या अभिप्रायाचा त्या वर्गाला काहीच उपयोग नसतो. आपल्या तासाचे चित्रीकरण पाहणे बहुतेकांना नकोसे वाटते, पण फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय त्यातच पकडली जाते.

केंद्र कितीही चांगले असले तरी जीएसआयचा खरा वरिष्ठ तो विषय शिकवणारा प्राध्यापकच. तो दर आठवड्याला बैठक घेत असेल तर प्रशिक्षण टिकते. म्हणून बर्कलीत प्राध्यापकांसाठीही जीएसआयसोबत शिकवण्याविषयी चर्चासत्र चालते. दुसरीकडे संशोधनाचे मार्गदर्शक प्रबंधाची घाई करतात, कारण पुढची नोकरी बहुधा शोधनिबंधांवर मिळते. कामाचे तास आणि पगार हा वाद वेगळाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीसह दहाही आवारांतील सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले, त्यांत टीए मोठ्या संख्येने होते.

भारतात प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या नेट-सेट परीक्षांच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभिक्षमतेवर बहुपर्यायी प्रश्न असतात. वर्गात शिकवून दाखवण्याची अट नसते. शिक्षकांच्या उजळणीसाठी १९८७ पासून ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, तीही नेमणूक झालेल्यांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने मात्र कोणत्याही शाखेच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी निगडित अध्यापन, शिक्षणशास्त्र किंवा लेखनाचे प्रशिक्षण आवश्यक केले असून, ट्युटोरियल, प्रयोगशाळा व मूल्यमापनाचे आठवड्याला ४ ते ६ तासांचे काम त्याला देण्याची मुभाही ठेवली आहे.