वही मिटता यायची, स्क्रीन उघडी राहते

सोलापूरच्या नर्सिंग होममध्ये रांगेत आपल्या पुढे उभा असलेला माणूस पुष्कळदा ओळखीचाच निघतो. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, कर्नाटकातलं इंडी, सगळीकडचे लोक उपचाराला इथंच येतात. त्यामुळे काउंटरवरच्या संगणकाचं तोंड कुणीकडे आहे, ही इथं किरकोळ बाब नाही. माझ्या आत्याचा आजार गावाला कळला तो बिलाच्या खिडकीवरून. घरात आम्ही तेव्हा तिलाही सांगितलं नव्हतं.

रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नये, हे चरकसंहितेच्या 'विमानस्थान' या भागात वैद्याला बजावलेलंच आहे. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी कायद्याचा भर मात्र नोंदणी, जागा आणि कर्मचारी यांवर होता. तेव्हा नोंदी जाड रजिस्टरात होत. काम झालं की ते मिटून खणात जाई. १९७१ च्या गर्भपात कायद्याखालच्या नियमांनी तर दाखल स्त्रियांचं रजिस्टर गोपनीय दस्तऐवजच ठरवलं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनंही गुप्ततेचं बंधन घातलं, पण डॉक्टरवर. खिडकीवरची मुलगी डॉक्टर नसते.

२ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. गरिबाला मोठी शस्त्रक्रिया परवडू लागली, हे तिचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण मंजुरीसाठी रेशन कार्ड, फोटो, रिपोर्ट असं सगळं ऑनलाइन चढवावं लागे, आणि आजाराचं नाव कागदावरून स्क्रीनवर आलं.

त्याआधी वर्षभर, २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदी संवेदनशील ठरवल्या होत्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क मानला. त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्यानं त्या रुग्णांची माहिती जपण्याची जबाबदारी संस्थांवरही टाकली. २०२१ पासून गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख डॉक्टरनं उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर दवाखान्यालाच माहितीसाठी जबाबदार धरतो.

एवढ्या कायद्यांनंतरही मॉनिटर रांगेकडे तोंड करून बसलेला दिसतो, तेव्हा जीव तुटतो. तो भिंतीकडे वळवायला पैसा लागत नाही. बाजूनं काळी दिसणारी फिल्म लावता येते, आणि नावाऐवजी टोकन नंबर पुकारता येतो. खुर्चीवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकदम दाबली की स्क्रीनला कुलूप लागतं.