खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल नाही, म्हणून कितीही खावं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या इंदूरच्या रामबागेत हमखास ऐकू येतं, 'खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल नसतं, बिनधास्त खा.' नसतं, खरंय. पण ते शेंगदाणा, तीळ, कुठल्याच वनस्पती तेलात नसतं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते ती संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट), आणि ती खोबरेल तेलात १०० ग्रॅममागे ८० ग्रॅमहून जास्त. थंडीत बरणीतला चमचा रुतून बसतो, तो तिच्यामुळेच (भेसळ नव्हे, साधारण २४ अंशांखाली हे तेल गोठतंच). फोडणीला चवीपुरतं जरूर घाला. पण एका मोठ्या चमच्यात ११-१२ ग्रॅम संपृक्त चरबी, आणि २००० कॅलरींच्या आहारात दिवसाची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम. अनशापोटी दोन मोठे चमचे पिणाऱ्या काकूंची ती सकाळीच भरते, दूध-तुपाच्या आधी.